वस्ताद माती उकरायला लावतात म्हणून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, तालमीत वस्ताद अजून कुस्तीचे डाव शिकवत नाहीत. पहाटे उठवून माती उकरायला लावतात, मग जोर, बैठका, सपाट्या. गावातली पोरं चार महिने जिमला जाऊन दंड दाखवायला लागली, हेही बोललास. फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

बाळा, माती उकरणं ही हमाली नाही, ती पहिली मेहनत आहे. कमरेत वाकून आखाड्याचा सगळा हौद फावड्यानं पालथा घालताना पंजा, मनगट, खांदे, पाठ आणि पोटऱ्या एकदम कामाला लागतात. कुस्तीतही नुसता दंड कधी लढत नाही. समोरच्यानं मनगट धरून दस्ती ओढली आणि तुझी मूठ सुटली, तर ढाक, कलाजंग असले डाव माहीत असून काय उपयोग? शिवाय मातीत ताक, हळद, तेल, लिंबू स्वतः कालवणारा पोरगा त्यात एक खडा राहू देत नाही. तो खडा उद्या कुणाच्या तरी गुडघ्यात जाणार असतो.

जोर मारताना आकड्याच्या मागं लागू नकोस. पाय रुंद, कंबर वर, मग छाती दोन्ही हातांमधून जमिनीला घासत पुढं आणि मान वर. शंभर अर्धवट मारण्यापेक्षा पन्नास पुरे मार. अंगावर मांस लवकर भरतं. सांधे आणि कंडरा बळकट व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. वस्ताद त्यांच्यासाठीच थांबलेत. तयारी नसताना जोडीला उतरलेली पोरं खांदा निखळून घरी बसलेली मी पाहिली आहेत.

कराडजवळचं गोळेश्वर आपल्यापासून लांब नाही. तिथले खाशाबा जाधव मातीतच तयार झाले. 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये मॅटची सवय नसताना सहावे आले. परत येऊन चार वर्षं दुप्पट मेहनत केली आणि 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले होते. पोराची मेहनत रोज डोळ्यांसमोर दिसत असल्याशिवाय कुणी घर गहाण ठेवत नाही. मला हे आठवलं की अजूनही भरून येतं.

मॅटही शीक. महाराष्ट्र केसरीला गादी म्हणजे मॅट आणि माती असे दोन्ही विभाग असतात, तेव्हा दोन्हीकडं पाय रोवता आला पाहिजे. पण ते वस्ताद सांगतील तेव्हा.

पावडरीचं विचारलंस. दूध, तूप, बदाम, भाकरी, कडधान्य पोटभर खा आणि दुपारची झोप चुकवू नकोस, सध्या तेवढं बास. ताकदीचं इंजेक्शन कुणी देऊ केलं तर त्याच्याजवळ उभाही राहू नकोस आणि त्याच दिवशी वस्तादांना सांग.

यात्रा कमिटीची माणसं घरी आली होती, तुझी कुस्ती लावूया म्हणत होती. इनामही चांगलं होतं. मी यंदा नको म्हणून सांगितलं. तुला वाईट वाटेल, पण तुझी जोड कधी आणि कुणाशी लावायची, हे वस्तादच ठरवतील.

आईनं तूप कढवलंय. रविवारी शेजारचे काका कोल्हापूरला येतायत, त्यांच्याकडं बदामासोबत देतो. डबा परत पाठव.

तुझे,
आबा