हलगीवाल्या मामांबद्दल काय लिहायचं

प्रिय स्वाती,

परवा फोनवर तू विचारलंस की तमाशातले हलगीवाले मामा गेले, त्यांच्यावर चार ओळी टाकायच्यात तर काय लिहू, तेव्हा मी एसटीत होतो, धड ऐकूच येत नव्हतं, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. गावच्या ग्रुपवर फोटो पडला, भावपूर्ण श्रद्धांजली पडली, खाली नुसते जोडलेले हात. मग कोणीतरी टाकलं की बिचाऱ्याने जन्मभर हाल सोसले, शेवटी औषधालाही पैसे नव्हते. खोटं नाहीये ते. पण बाळा, तमाशातलं माणूस गेलं की आपण त्याची गरिबीच तेवढी लिहितो, ते बोर्डावर, म्हणजे स्टेजवर, काय करत होतं ते कोणी लिहीतच नाही, ह्याचा मला मनापासून त्रास होतो.

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांचंच बघ ना. दोनदा राष्ट्रपती पुरस्कार, 1957 ला आणि 1990 ला. 2002 च्या जानेवारीत गेल्या. आज कोणालाही विचार, एकच गोष्ट सांगतील, खेळ चालू असताना बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. बाई धीराची होतीच, पण त्या लावणी कशी म्हणायच्या, अदा कशी होती, ते विचारलं की सगळे गप्प. आणि ही विठाबाईंची गत, ज्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं!

तो पुरस्कार मिळालेल्या कांताबाई सातारकर तर तुझ्या वयाच्या पोरांना माहीतही नसतील. 1939 चा जन्म, तोही गुजरातचा, पुढे साताऱ्याला आल्या म्हणून सातारकर. तुकाराम खेडकरांच्या फडात, म्हणजे तमाशा मंडळात, गाजल्या, लग्नही त्यांच्याशीच झालं, 1964 ला खेडकर गेले, पदरात लहान पोरं, तरी बाईंनी पुढे स्वतःचा फड उभा केला आणि चालवून दाखवला. लावणी तर होतीच पण वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, पुरुषाचं सोंगही घ्यायच्या, अगदी शिवाजी महाराजांचंसुद्धा. विचार कर, तमाशाच्या बोर्डावर बाई महाराज म्हणून उभी राहतेय आणि समोर रानातनं आलेलं पब्लिक. मे 2021 मध्ये संगमनेरला करोनाने गेल्या. एरवी अख्खा तालुका लोटला असता पण ते दिवस कसे होते तुला माहितीये, जत्रा बंद, फड बंद, पोटाचेच वांधे, कोण येणार. त्यांचं नाव निदान पेपरात आलं, मुलगा रघुवीर खेडकरांनी फड पुढे नेला. मामांसारख्यांचं नाव तर फडाच्या जाहिरातीवरही नसायचं, तिथे मालकाचं नाव आणि नाचणारणींचे फोटो, झालं.

म्हणून तू मामांची हलगी लिही. मी बघितलंय ते सांगतो. खेळ सुरू व्हायच्या आधी कनातीमागे कागद नाहीतर पाचट पेटवून हलगी शेकायचे, थंडीत कातडं सैल पडतं ना, मग बोटाने टिचकी मारून कानाशी धरायचे, मनासारखा आवाज निघेपर्यंत परत आगीवर. एका हातात जाडसर टिपरू आणि दुसऱ्या हातात ती बारीक लवचिक काडी. गण, म्हणजे सुरुवातीचं गणपतीचं स्तवन, सुरू व्हायच्या आधी ढोलकी-हलगीची जुगलबंदी लागायची तेव्हा ढोलकीवाला कितीही लय चढवू दे, मामा त्याच्याकडे बघायचेच नाहीत, मान खाली, आणि बरोबर समेवर यायचे, की पब्लिकमधनं फेटे उडायचे. मागे उभे राहून झील पण धरायचे, म्हणजे गाणाऱ्याला सुरात साथ द्यायचे, आवाज जरा घोगरा होता पण सुराला पक्का. हे लिही, आणि हलगी कोणाकडून शिकले, कुठल्या कुठल्या फडात होते तेही लिही, मामींना विचारलंस तर सगळं सांगतील, त्यांना बरंच वाटेल.

अजून एक. लावण्यांच्या कॅसेटी निघाल्या, शाहीर पठ्ठे बापूरावांच्या लावण्या छापल्या गेल्या म्हणून आज गाता येतात, पण बतावणी, म्हणजे सोंगाड्याचं, तमाशातल्या विनोदी नटाचं बोलणं, कुठे लिहिलेली असते? सोंगाड्या समोरचं गाव बघून बोलणार, आज सरपंचावर तर उद्या पावसावर, दर रात्री वेगळं. तो माणूस गेला की ती बतावणी गेलीच. बापूरावांच्या फडात गाजलेल्या हिवरगावच्या पवळाचा आवाज कसा होता हे सांगणारं आज कोणी उरलंय का? सरकारने पुरस्कार द्यावेत, मानधन तर वेळेवर द्यायलाच पाहिजे, पण हे टिपून ठेवायचं काम आपल्यासारख्या ऐकणाऱ्यांचं आहे असं मला वाटतं.

तर पोस्ट टाकच, पण गुढीपाडव्याला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढून ये. नारायणगावला फडांच्या राहुट्या, म्हणजे तंबू, लागलेल्या असतात, गावोगावचे पंच जत्रेतल्या खेळाची सुपारी द्यायला येतात, जुने कलाकार भेटतात तिथे. मामांच्या जोडीचे सोंगाड्या होते ते अजून आहेत, ऐकू कमी येतं पण बोलायला लागले की थांबत नाहीत, मी त्यांना सांगून ठेवलंय. मोबाईल चार्ज करून आण, मेमरी रिकामी ठेव, आणि त्यांना आधी हाल-बिल विचारत बसू नकोस, थेट गवळणीतली मावशी, ते पुरुषाने करायचं विनोदी बाईचं सोंग, करून दाखवा म्हण.

आईने लोणचं दिलंय, सोमवारी पाठवतो.

तुझा,
पप्पा