विद्यापीठ निवडण्यापूर्वी

गंगापूर रोड, नाशिक

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू त्या खासगी विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतले एकेक पान वाचून दाखवत होतीस आणि मी नुसते ‘बघू’ म्हणालो. त्यावर तू हिरमुसलीस, हे माझ्या लक्षात आले. एम.एस्सी. कुठे करायची हा निर्णय तुझाच आहे आणि तू जे ठरवशील त्याच्या पाठीशी मी उभा राहीन. परंतु आत्याकडे आहेस तोवर पुणे विद्यापीठाच्या आवारात एक पूर्ण दिवस घालवल्याशिवाय तू तो घेऊ नयेस, असे मला मनापासून वाटते. का वाटते ते फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

मी ज्या कॉलेजात बी.एस्सी. केले, तिथे प्रयोग बहुतेक वहीतच होत. ब्युरेटचे रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायचे, तिन्ही वेळा जुळलेले दाखवायचे आणि सही घ्यायची. एकदा माझे रीडिंग खरोखरच ०.६ मिलिलिटरने वेगळे आले, तेव्हा मी उत्साहाने सरांकडे गेलो. ‘जर्नलमध्ये आहे तेच लिही,’ असे ते म्हणाले. चूक माझ्या हाताची होती, द्रावणाची होती की काचेच्या नळीची, हे मला आजपर्यंत कळलेले नाही, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

याच्या अगदी उलट अनुभव मला त्याआधी, शाळेत असतानाच आला होता. तुझ्या आजोबांच्या निफाडच्या शेतात एका वर्षी गव्हावर तांबेरा पडला, तेव्हा महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्रातले एक संशोधक पाहायला आले. त्यांनी ओंबीखालचे पान खुडले, त्यावरून हलकेच बोट फिरवले आणि बोटाला लागलेली नारिंगी भुकटी मला दाखवली. ‘हे बीजाणू. ते वाऱ्यावर येतात, दक्षिणेकडून, निलगिरीच्या डोंगरांवरूनसुद्धा,’ असे त्यांनी सांगितले. मग पुढच्या वर्षी कोणता वाण टिकेल, असे आजोबांनी विचारले. ‘ते आम्हालाही अजून माहीत नाही, त्यावरच काम चालू आहे,’ असे उत्तर त्यांनी दिले. एवढा शिकलेला माणूस ‘माहीत नाही’ असे बिनदिक्कत म्हणतो, याचेच मला तेव्हा नवल वाटले. बुरशी आपले रूप बदलत राहते, एका काळी प्रतिकार करणारा वाण पुढे तिला बळी पडू शकतो, आणि म्हणून ते काम कधी संपत नाही, हे मला फार उशिरा कळले. त्याच केंद्रातून पुढे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी हे गव्हाचे वाण आले. आपल्या गावाकडची ही नावे बियाण्याच्या पिशवीवर वाचताना मला आजही भरून येते.

संशोधन करणाऱ्या सार्वजनिक विद्यापीठाचे आकर्षण माझ्या लेखी हेच आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर अजून कुणालाच सापडलेले नाही त्याच्या मागे लागलेल्या माणसांच्या हाताखाली तू शिकशील, आणि त्यांच्या कामाचे फळ एखाद्या कंपनीच्या कपाटात न राहता कुणाच्या तरी शेतापर्यंत पोहोचेल.

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले आणि आपला नाशिक जिल्हाही त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो, हे तुला ठाऊक आहेच. गणेशखिंडीचे ते ४११ एकरांचे आवार तू मात्र अजून नीट पाहिलेले नाहीस. वनस्पतिशास्त्र विभागातून बाहेर पडल्यावर त्याच आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे आणि जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. अशा शेजारामुळे अभ्यासक्रमात नसलेली व्याख्याने कानावर पडतात. तुझ्या विषयाशी त्यांचा काही संबंध नसला तरी ती ऐकावीस, असे मी म्हणेन.

आणखी एक गोष्ट माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. २०२५ च्या सुरुवातीपासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेखाली सरकारी शिक्षणसंस्थांच्या विद्यार्थ्यांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके वाचता येतात. एकेका शोधनिबंधासाठी तू कशी ताटकळत होतीस, ते मी पाहिले आहे.

तिथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. सरकारी विद्यापीठांमध्ये प्राध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात, उपकरण बिघडले की दुरुस्तीची फाइल फिरत राहते आणि वसतिगृहासाठी वाट पाहावी लागते. खासगी विद्यापीठांतही जीव ओतून काम करणारी माणसे आहेत, तेव्हा नुसते नाव पाहून ठरवू नकोस. शुल्काबद्दल मात्र मनात संकोच ठेवू नकोस. सरकारी विद्यापीठाच्या कमी शुल्काचा मोह मला आहे, तो पैसे वाचावेत म्हणून नाही. त्या शुल्कामुळे सुरगाणा, पेठ अशा आदिवासी तालुक्यांतली मुलेही तुझ्या शेजारी त्याच बाकावर बसू शकतील आणि त्यांच्याकडून तुला रानातल्या वनस्पतींबद्दल जे कळेल ते कोणत्याही वातानुकूलित वर्गात कळणार नाही. पुढे पीएच.डी.चा विचार केलास आणि नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे माझ्यावर भार पडेल ही काळजीही तुला नको.

सोमवारी विभागात जाशील तेव्हा कार्यालयात फार वेळ घालवू नकोस. सरळ एखाद्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहा आणि पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना विचार, की गेल्या महिन्यात त्यांचे काय फसले आणि ते फसल्यावर त्यांचे मार्गदर्शक काय म्हणाले. जाण्याआधी त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर चाळून घे, ते कुणालाही वाचता येतात. मग जयकर ग्रंथालयात थोडा वेळ बस. संध्याकाळी फोन कर, आणि त्या मुलांनी काय सांगितले ते मला जसेच्या तसे सांग.

आत्याला नमस्कार सांग. आई तुझ्यासाठी चिवडा पाठवते आहे.

तुझे,
बाबा