गाडीतला आवाज नेमका शोधून देणाऱ्या बीडच्या उस्तादांस जाहीर आभारपत्र

आदरणीय उस्ताद,

सप्रेम नमस्कार.

भूम तालुक्यातील भट्ट्यांवरचा खवा घेऊन सरमकुंडी फाट्यामार्गे बीड आणि पुढे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारी आमची पिकअप आपण ज्या पद्धतीने दुरुस्त केली, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गॅरेजमधून निघताना आभार मानले होतेच. परंतु आपण तो आवाज कसा शोधला, हे आमच्या भागातील इतर गाडीवाल्यांनाही कळावे असे मनापासून वाटले, म्हणून हे उघड पत्र.

गाडीने ताशी 50 किलोमीटरचा वेग ओलांडला की एक घुमणारा आवाज सुरू होई आणि वेगाबरोबर चढत जाई. तो मागून, हौद्याच्या खालून येतो असे बसणाऱ्या प्रत्येकाला वाटे. खवा उन्हात टिकत नाही, म्हणून आमची वाहतूक रात्रीची. आणि एक किलो खव्यामागे चार-पाच लिटर दूध आटलेले असते. अपरात्री आडरानात गाडी अडकली तर किती घरांची मेहनत वाया जाईल, या विचाराने जिवाला घोर लागून राहिला होता. एका ठिकाणी हा टायरचा आवाज आहे असे सांगून पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून दिले. आवाजात काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी हौसिंगमधले क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना गती देणारी दातेरी चक्रे) गेले आहे असे छातीठोकपणे सांगण्यात आले आणि खर्चाचा आकडाही हातात देण्यात आला. ते काम आम्ही केले असते, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशीच गत झाली असती.

आपण मात्र पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. आवाज इंजिनच्या वेगाबरोबर बदलतो की गाडीच्या, ब्रेक दाबल्यावर काय होते, आणि शेवटी, ‘‘पुराच्या पाण्यातून गाडी काढली होती का?’’ हा प्रश्न त्याआधी कोणीच विचारला नव्हता. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत भूम-परंड्याकडे ओढे-नाले रस्त्यावर आले, त्या वेळी आमची गाडी चाकाच्या निम्म्यापर्यंतच्या पाण्यातून निघाली होती. त्याला बरेच दिवस लोटले असल्याने त्या पाण्याचा या आवाजाशी संबंध असेल असे आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

त्यानंतर आपण स्वतः गाडीत बसलात. मोकळ्या, सरळ रस्त्यावर क्लच दाबून गाडी न्यूट्रल करायला लावलीत; इंजिनचा आवाज खाली आला, पण घुमणे तसेच राहिले, म्हणजे इंजिन आणि क्लच बाजूला झाले. मग अॅक्सिलरेटर दाबायला आणि सोडायला सांगितलेत. क्राऊनचा आवाज जोर लावल्यावर एक आणि सोडल्यावर दुसरा असा बहुधा बदलतो, हा मात्र दोन्ही वेळा सारखाच आहे, हे आपण ऐकवून दाखवलेत. डांबरी रस्ता संपून सिमेंटचा आला तरी सूर बदलला नाही, तेव्हा टायरवरचा संशयही कमी झाला. मांजरसुंब्याच्या घाटात उजव्या वळणावर आवाज मोठा झाला आणि डाव्या वळणावर जवळजवळ विरला. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून दोष डाव्या बाजूला, असे आपण तिथेच सांगितलेत. वर्षानुवर्षे त्याच घाटातून गाडी हाकत असूनही वळण हे तपासणीचे साधन होऊ शकते, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

गॅरेजमध्ये आल्यावर आपण जे केलेत ते मी विसरणार नाही. डाव्या बाजूची चाके जॅकवर घेतल्यावर मागच्या चाकात काही सापडले नाही. पुढचे फिरवताना ब्रेकचे पॅड डिस्कला घासत होते, म्हणून त्या घासण्याने कानाची फसगत होऊ नये यासाठी आपण कॅलिपर (पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) उतरवून बाजूला बांधून ठेवलेत. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळ, टेकवून मूठ कानाला लावलीत, चाक हाताने फिरवलेत, आणि तोच स्क्रू ड्रायव्हर माझ्या हाती दिलात. आत बारीक खरखर होती. उजव्या चाकाला तसेच ऐकल्यावर ती नव्हती. आवाज मागून येतो असे वाटण्याचे कारणही आपण सांगितलेत: चॅसिस तो वाहून नेते आणि रिकाम्या हौद्याचा पत्रा घुमतो.

हब उघडल्यावर आतील ग्रीस पाणी मिसळून ताकासारखे पांढुरके झालेले दिसले. चाक ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे डाग होते आणि बाहेरच्या कपावर, म्हणजे रोलर ज्यात फिरतात त्या कड्यावर, नखाला लागतील असे खड्डे पडले होते. असे बेअरिंग चालवत राहिले तर ते तापून जाम होऊ शकते आणि चाकच धोक्यात येते, हे आपण शांतपणे, भीती न घालता समजावलेत. दोन्ही बेअरिंगे कपांसह आणि ऑइल सील नवे टाकलेत, तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या मधोमध दाबून भरलेत, हबचा नट आवळून, चाक फिरवून, पुन्हा किंचित सैल करून नवी पिन घातलीत. उजवे चाकही त्याच पाण्यातून गेले होते म्हणून ते उघडून पाहण्याचा आग्रह धरलात. तिथले बेअरिंग शाबूत होते, तेव्हा ते धुऊन, ग्रीस आणि सील बदलून परत बसवलेत. नवे विकण्याची संधी समोर असताना चांगली वस्तू चांगली आहे असे सांगणे, याचे मोल मी फार मोठे मानतो.

गाडी आता संभाजीनगरपर्यंत भरल्या हौद्याने जाते आणि रिकामी परत येते; वळणावर कान देऊनही काही ऐकू येत नाही. आमच्याकडील ज्या पिकअप आणि टेम्पो त्या पुरातून निघाल्या होत्या, त्यांच्या मालकांना चाकांचे ग्रीस उघडून पाहण्यास मी सांगितले आहे, आणि त्यांतील काही जण आपल्याकडे येतील. त्यांनाही वेळ देऊन, मला ऐकवलेत तसे ऐकवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
भूम तालुक्यातील एक खवा वाहतूकदार