साखर पेठ ते हडपसर: टेम्पो भरण्याआधी वाच

सोलापूर
सोमवार

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

पॅकर्सवाल्याला न बोलावता टेम्पो भाड्याने घेऊन काका-काकूंचं सामान आपणच पुण्याला न्यायचं ठरवलंस, हे बरं केलंस. चार धडधाकट माणसं असतील तर हे काम घरच्या घरी नीट होतं. फक्त गाडी भरायची रीत माहीत हवी, म्हणून हे लांबलचक पत्र.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. सामान वजनाने कमी फुटतं, हलण्याने जास्त फुटतं. फ्रिज केबिनकडच्या पत्र्याला चिकटून उभा असेल तर ब्रेक लागल्यावर तो नुसता रेटा देतो. तोच फ्रिज पत्र्यापासून चार बोटं लांब असेल तर गाडी थांबते आणि फ्रिज पुढे जातच राहतो. त्या चार बोटांत त्याला वेग मिळतो आणि मग तो आदळतो. करकचून ब्रेक मारला की प्रत्येक वस्तू स्वतःच्या वजनाच्या निम्म्याने, कधी त्याहून जास्त जोराने पुढे ढकलली जाते. म्हणजे ८० किलोच्या लोखंडी कपाटाचा ४० किलोंहून जास्त रेटा. त्यामुळे गाडी भरताना नजर मोकळ्या जागेवर ठेव. फट दिसली की ती भरलीच पाहिजे.

आता गाडी. छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, घेऊ नकोस. त्याचा हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, ७ फूट लांब, ५ फुटांहून जरा कमी रुंद, आणि झेपणारं वजन साधारण पाऊण टन. दोन कपाटं, दिवाण, फ्रिज आणि ज्वारीची पोती चढली की तो भरला. तुमच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि माळ्यावरच्या सामानाला १४ फुटी आयशर बरोबर. घरगुती सामानात वजनाच्या आधी जागा संपते, तरी ड्रायव्हरकडून आरसी बुक मागून बघ. त्यात गाडीचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की किती माल चालतो ते कळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये दंड आहे, आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,०००. दिवाणाची फळी हौद्याबाहेर काढून नेली तरी २०,००० चीच तरतूद आहे. हौद्यात सामानासोबत माणूस बसवायचा नाही, राखणीलासुद्धा नाही.

पुण्याला रिकामी परत जाणारी गाडी स्वस्तात मिळते, पण तिची वेळ आपल्या हातात नसते. ती घेणार असशील तर एक दिवस मागेपुढे होईल हे धरून चाल. भाडं ठरवताना टोल कोणाचा, गाडी थांबून राहिली तर तासाला किती आणि पुण्यात जड वाहनांच्या बंदीच्या वेळा चुकवून ती कधी पोहोचेल, हे आधीच बोलून मोबाइलवर लिहून घे. मार्केट यार्डातून आलेली गाडी असेल तर हौद्यात कांद्याची साल, ओल आणि वास असतो. आधी झाडून घ्यायला सांग. मग वर आलेले खिळे आणि फाटलेला पत्रा बघ, खिळे ठोकून घे, तळाला प्लास्टिकचा कागद आणि त्यावर गोणपाट अंथर. हौद्याच्या कडेचे हुक मोज आणि एकेक ओढून बघ. दोर शेवटी त्यांच्यावरच राहणार आहे.

साखर पेठेतल्या तुमच्या बोळात आयशर शिरणार नाही. ती मोठ्या रस्त्यावर उभी राहील आणि घरापासून तिथपर्यंत हातगाडी लागेल. हातगाडीवरचा माल आणि आयशरमधला माल यांचा क्रम जुळला पाहिजे, नाहीतर रस्त्यावर सामानाचा ढीग पडतो आणि घाईत जे हाताला लागेल ते आत जातं. म्हणून घरातच, दाराजवळ, आधी काय जाणार आणि नंतर काय, तसं लावून ठेव.

सामान बांधायचं काम आठवडाभर आधीच सुरू कर. खोकं भरल्यावर एकट्या माणसाला छातीशी धरून चालता आलं पाहिजे, म्हणजे २० किलोच्या आत. काकांची पुस्तकं मोठ्या खोक्यात कधीच भरू नकोस, तळ फाटतो. छोटं खोकं घे, तळाला मधल्या चिरेवर आणि दोन्ही टोकांना आडवा टेप मार. खोकं काठोकाठ भरलेलं हवं. अर्धवट राहिलं तर वरच्या खोक्याच्या वजनाने दबतं आणि सगळी रास कलते. उरलेल्या जागेत टॉवेल, उशांचे अभ्रे कोंब. काचेच्या बशा आडव्या रचायच्या नाहीत, कडेवर उभ्या ठेवायच्या, मध्ये कागद. आडव्या रचल्या की खड्ड्यात गाडी आपटल्यावर वरच्या बशांचा सगळा भार खालच्या बशीच्या मधोमध येतो. टेप लाकडाच्या पॉलिशवर किंवा फ्रिजच्या रंगावर थेट चिकटवू नकोस. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात चिकटा असा बसतो की काढताना पॉलिशही निघून येतं.

गुंडाळायला बबल रॅप विकत घ्यायची फारशी गरज नाही. काकूंकडे जुन्या सोलापुरी चादरी असतीलच. घट्ट विणीची जाड चादर कपाटाच्या कोपऱ्यांना आणि टेबलाच्या कडांना दुहेरी घालून सुतळीने बांधली की ती जागची हलत नाही, प्लास्टिकसारखी घसरत नाही. नव्या, घडी न मोडलेल्या चादरी मात्र खोक्यातच जाऊ देत.

भरायच्या दिवशी पहाटे सहाला सुरुवात कर. अकरा वाजता पत्र्याचा हौदा हात लावू देत नाही, आणि तापलेला, दमलेला माणूसच कपाट हातातून सोडतो. पाणी, मीठ घातलेलं ताक सावलीत ठेव. गाडी सपाट जागी लाव, हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवायला सांग आणि मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लाव. हौदा जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच असतो. चढवायला फळी लावायची तर दोन इंच जाडीची, निदान दहा फुटी. आखूड फळीचा चढ उभा होतो आणि कपाट मागे घसरतं. फळीचं वरचं टोक हौद्याला दोराने बांध. चढवताना वस्तूच्या थेट मागे कोणी उभं राहायचं नाही, दोघांनी दोन बाजूंना राहायचं. जिन्यावरून उतरवताना जास्त भार खालच्या माणसावर येतो, म्हणून खाली ताकदीचा माणूस ठेव. उचलताना कंबरेत नाही, गुडघ्यात वाकायचं.

आत काय कुठे, ते आता सांगतो. हे पत्र अर्धवट वाचणार असशील तर निदान हा भाग नीट वाच.

जड ते खाली आणि केबिनकडे. मागच्या चाकांच्याही मागे, फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ, जड वस्तू ठेवल्या तर तराजूच्या दांडीसारखं होतं: मागचं टोक दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगची पकड जाते. म्हणून निम्म्याहून बरंच जास्त वजन हौद्याच्या पुढच्या अर्ध्या भागात हवं. डावं-उजवंही सारखं हवं. एका बाजूला दोन्ही कपाटं आणि दुसऱ्या बाजूला गाद्या असं झालं तर गाडी वळणावर कलते. एक कपाट डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही उभी, पाठ केबिनच्या पत्र्याला. दारं कुलपं लावून दोराने आवळलेली, आरसा असलेल्या दारावर गादी. दोन कपाटांच्या मध्ये फ्रिज किंवा वॉशिंग मशीन घट्ट बसतं का बघ. तिथे तळाशी, केबिनला टेकून पाटा-वरवंटा आणि जातं गोणपाटात गुंडाळून ठेव. दगड कधीही कशाच्या वर ठेवायचा नाही.

ज्वारीची पोती तळाच्या थरात घाल. पोतं दबून फटीचा आकार घेतं, म्हणून कपाटाच्या पायाशी आडवं टाकलं की ते कपाटाला अडसर होतं. पण पोत्यावर फ्रिज उभा करू नकोस, तळ डळमळतो. तेलाचा डबा धान्य आणि कपड्यांपासून लांब, उभा, पिशवीत घालून.

यानंतर सामानाची एकेक भिंत उभी करत मागे ये. संपूर्ण तळ आधी भरून मग वर चढवायचं नाही. दोन-अडीच फूट खोलीची एक भिंत घे: खाली पुस्तकांची आणि भांड्यांची खोकी, मध्ये मध्यम वजनाचं, वर चादरी, उशा, प्लास्टिक. ती वरपर्यंत पूर्ण कर, आडवा दोर घालून बांध आणि मगच पुढची भिंत सुरू कर. दिवाणाच्या फळ्या, सुटं केलेलं टेबल, लांब आरसा या वस्तू हौद्याच्या कडेला उभ्या लावायच्या, दोन गाद्यांच्या मध्ये. काच आडवी ठेवायची नाही. पाय काढलेल्या टेबलाचे बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी टेबलाच्याच खालच्या बाजूला बांध.

दोर बांधायची रीत नीट शिकून घे. दोराचं एक टोक डाव्या हुकाला पक्कं बांध, दोर सामानावरून उजवीकडे आण. उजव्या हुकापासून हातभर वर दोराला पीळ देऊन एक छोटा फास कर. मोकळं टोक उजव्या हुकातून घालून परत वर आण, त्या फासातून ओव आणि खाली ओढ. नुसत्या हाताने ओढल्यापेक्षा बराच जास्त ताण येतो. ताण आला की दोर फासाजवळ चिमटीत दाबून धर, सैल पडू न देता दोन अर्ध्या गाठी मार. सोडताना फास आपोआप सुटतो. दोर खोक्याच्या कडेवरून जात असेल तर तिथे पुठ्ठ्याची घडी ठेव, नाहीतर दोर खोकं कापत आत शिरतो आणि तेवढाच सैल पडतो. नायलॉनचा दोर ताणला जातो, ओला झाला की आणखी. जड वस्तूंना रॅचेटचा, म्हणजे खटक्याने आवळायचा, पट्टा वापर.

काही वस्तूंचं वेगळं सांगतो. फ्रिज आदल्या रात्री बंद कर, बर्फ वितळू दे, आतून कोरडा पुस. तो उभाच न्यायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. उभा नेला तर पोहोचल्यावर चार-पाच तासांनी चालू कर, आडवा करावाच लागला तर उभा करून एक दिवस थांब. वॉशिंग मशीन पुढून दाराचं असेल तर त्याचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे ड्रम जखडून ठेवणारे बोल्ट, शोधून मागच्या भोकांत घट्ट लाव, नाहीतर आतला ड्रम हेलकावे खाऊन स्प्रिंग तुटतात. वरून दाराच्या मशीनमध्ये टब आणि बॉडीच्या फटीत टॉवेल कोंबले तरी चालतं. नळीतलं पाणी सोडून दे. कूलरची टाकी रिकामी कर, गवताच्या ताट्या वाळवून वेगळ्या बांध. टीव्ही टेम्पोत टाकू नकोस, आपल्या कारमध्ये मागच्या सीटवर उभा ने.

इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली ५०-६० किलोची असते आणि तिच्यात ॲसिड असतं. आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर काढ, मग लाल. टोकांवर रबर किंवा टेप लाव, म्हणजे लोखंड लागून ठिणगी उडणार नाही. ती उभीच, केबिनजवळ तळाला, चारही बाजूंनी अडकवलेली, वर काही नाही, शेजारी कपडे नाहीत.

गॅस सिलिंडर गाडीत घालूच नकोस. गाव बदलताना सिलिंडर आणि रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्यायचं, अनामत परत मिळते, आणि त्या व्हाउचरवर तिकडे कनेक्शन मिळतं. उरलेला रंग, थिनर, रॉकेल इथेच कोणाला देऊन टाक. स्कूटर नेणार असशील तर टाकी रिकामी कर, स्टँडवर भरवसा ठेवू नकोस. हँडलच्या दोन्ही बाजूंनी खाली, हौद्याच्या हुकांकडे दोर ओढून पुढचे शॉकॉप थोडे दबतील एवढं आवळ.

दागिने, घराचे कागद, काकांची औषधं आणि चष्मा कारमध्ये, काकूंच्या हातात.

ताडपत्री दोन तुकड्यांची असेल तर आधी मागची टाक, मग पुढची तिच्यावर येऊ दे. वारा पुढून येतो, उलट घातली तर फुगते आणि फाटते. मे असला तरी वळवाचा भरवसा नाही, म्हणून भोकं आधीच बघ.

गाडी सुटली की पहिला थांबा लवकर घे. सावळेश्वरचा टोल ओलांडून मोहोळच्या आसपास. तेवढ्या अंतरात सामान खाली बसतं आणि सगळे दोर सैल पडतात. सगळे पुन्हा ओढून घे. दुसऱ्यांदा टेंभुर्णीला बघ, मग भिगवणला चहाच्या वेळी. चौपदरी रस्ता आहे म्हणून ड्रायव्हर ताणेल. त्याला ५०-६० च्या पुढे जाऊ नको, आणि गतिरोधक हळू घे, असं निघतानाच सांग.

हडपसरला फाळका एकदम उघडू नकोस. एकाने सामानाला हात लावून धरायचं, दुसऱ्याने एक बाजू हळू सोडायची, कारण रस्त्यात सरकलेलं खोकं फाळक्यालाच टेकलेलं असतं. दोर एकदम सगळे सोडायचे नाहीत, एक भिंत रिकामी झाली की पुढच्या भिंतीचा दोर.

जड वस्तूंची यादी आणि जिन्याची, दाराची रुंदी बुधवारपर्यंत कळव. कपाट जिन्यातून उभं उतरतं की दार काढावं लागतं, ते आधी ठरलेलं बरं. शनिवारी पहाटे मी दोर, दोन पट्टे आणि फळी घेऊन येतो.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश