फाटक जाऊ द्या, पण आधी त्याचा नीट व्हिडिओ तरी काढा

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात रेल्वे फाटकावर लागलेल्या रांगांचे फोटो सारखे येतात आणि खाली मागणी ठरलेली, पूल करा नाहीतर भुयारी मार्ग करा. माझी त्याला ना नाही, बंद फाटकात ॲम्ब्युलन्स अडकलेली मी स्वतः बघितलीय. ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांवरची, गेटमन नसलेली सगळी फाटकं जानेवारी 2019 पर्यंत काढून टाकली ते तर लई चांगलं झालं. पण जे जातंय त्याची नोंद कोण ठेवतंय?

मी वसमतचा. आमची पूर्णा-अकोला लाइन 2008 ला ब्रॉडगेज झाली, त्याच्या आधी मीटरगेज होती आणि तेव्हाचे सिग्नल म्हणजे खांबावरचा लाल लोखंडी हात. आमच्याकडं अजून म्हातारी माणसं "शिंगल पडलं का?" असंच विचारतात, कारण तो हात खाली पडला की गाडी येणार. आता दिव्याचे सिग्नल, पडत काहीच नाही, शब्द तेवढा राहिला. लहानपणी सिग्नलचे दिवे लावणाऱ्या एका दिवेवाल्यानं मला जुन्या सिग्नलची काच दाखवली होती, हिरवी समजत होतो ती जवळून चक्क निळी निघाली, राकेलच्या पिवळ्या उजेडानं ती लांबून हिरवी दिसायची. मागं एका स्टेशनाबाहेर भंगाराच्या ढिगात असाच एक हात पडलेला दिसला, पांढरा पट्टा शाबूत होता. फोटो काढायला दुसऱ्या दिवशी गेलो तर ढीगच गायब, चूक माझीच, त्याच दिवशी काढायला पाहिजे होता.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मोबाईल घेऊन फाटकाच्या बाहेर उभा राहतो, बायको म्हणते याला दुसरा धंदा नाही. पण बघायला लागलं की कळतं. स्टेशनवरून फोन येतो, गेटमन प्रायव्हेट नंबर देतो, म्हणजे निरोप पोचल्याची खूण म्हणून एक आकडा सांगतो, हँडल फिरवून दांडा खाली घेतो, कुलूप लागतं आणि मगच ड्रायव्हरला सिग्नल मिळतो, गाडी जाईपर्यंत ते कुलूप त्यालाही उघडत नाही. लोक उगाच त्याच्यावर ओरडतात, "अरे गाडी कुठंय, सोड की!" अन् फाटकाच्या अलीकडं रुळाच्या कडेला तो पिवळा बोर्ड, "सी/फा", म्हणजे सीटी वाजवा, पुढं फाटक आहे. किती जणांना माहितीय?

मालगाडी आली की पोरं अजून डबे मोजतात. कोळशाचे उघडे डबे, ज्याला बॉक्सएन म्हणतात, ते असले तर 58 च्या आसपास भरतात. प्रत्येक डब्यावर अकरा आकडी नंबर असतो, त्यातला पाचवा-सहावा आकडा म्हणजे डबा बनला ते साल, 09 असेल तर 2009 चा. हे कळल्यापासून नुसत्या मोजण्यावर माझं भागत नाही. शेवटी ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा डबा, गेटमन तिच्या मागची खूण बघतो, म्हणजे गाडी अख्खी गेली, मधेच तुटून राहिली नाही.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला 10 टँकर, 5 लाख लिटर. लातूरच्या गर्दीचे फोटो सगळीकडं आले, पण मधल्या एखाद्या लहान फाटकावरून ती जाताना कुणी व्हिडिओ काढलाय का? मला तरी अजून दिसला नाही.

म्हणून विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत थोडी जागा द्या, वाचकांनी आपापल्या फाटकाचा फोटो, फाटक नंबर, तारीख आणि तिथं काय काय होतं ते चार ओळीत पाठवावं. पोरांनो, रुळात मात्र उतरू नका, रेल्वे कायद्याचं कलम 147 लागतं, आणि खरं सांगायचं तर दांड्याच्या बाहेरूनच सगळं छान दिसतं. अन् कुणाकडं जुन्या कॅसेटमध्ये जुन्या सिग्नलचा हात पाडायची तार ओढल्याचा तो खर्रकन् आवाज असला तर जरूर कळवा, माझ्याकडं फोटो बरेच जमलेत पण तो आवाज एकही नाही.

आपला एक वाचक,
वसमत, जि. हिंगोली