जपानमधली मराठा पलटण आणि वगळलेलं पान

मा. संपादक,

महायुद्धानंतर जपानमध्ये गेलेल्या मराठा पलटणीवरचा आपला लेख वाचला. १९४६ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण ब्रिगेडियर थिमय्यांच्या (पुढे भारताचे लष्करप्रमुख) २६८ ब्रिगेडमधून तिथे होती. लेखात परेड आहे, चेरीची फुलं आहेत. परमा आणि गरमी हे शरीरसंबंधातून लागणारे रोग मात्र कुठेच नाहीत. सैन्यदलात मी याच आजारांचा डॉक्टर होतो, म्हणून खटकलं.

जपानवर ताबा ठेवायला गेलेल्या, ब्रिटिश राष्ट्रकुलातल्या देशांच्या फौजेत हे रोग झपाट्याने पसरले होते. जपानी लोकांत मिसळू नका, असा हुकूम निघाला. घरापासून हजारो मैलांवरची तरणी पोरं, खिशात सिगारेटी, समोर उपाशी शहर; हुकूम कोण पाळणार? पेनिसिलिनने बरे होत, पुन्हा तोच आजार घेऊन येत. रस्त्यातून उचलून सक्तीची तपासणी मात्र जपानी बायकांची झाली, हेही छापायला हवं.

शिक्षेच्या धाकाने जवान आजार लपवतो. माझ्याकडे येणारा आधी म्हणायचा, "साहेब, कागदावर नको." निरोध सहज मिळावा, तपासणी गुप्त राहावी आणि सुटीवर जाण्याआधी उपचार पूर्ण व्हावेत, नाहीतर गावाकडची बायको भोगते. शांतिसेनेत जाणाऱ्या तुकड्यांना आज हे कितपत सांगतात, यावर आपल्या वार्ताहराने लिहावं.

– एक निवृत्त लष्करी डॉक्टर, सातारा