कर्द्याच्या काका-काकूंचे आभार

दापोलीजवळ कर्दे किनाऱ्याला लाकडी केबिनमध्ये उतरलो होतो. हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव बघून परतलो आणि रात्री वळीव असा कोसळला की छपराचा पत्राच उडाला. लाईट गेलेली, मॅनेजर फोन उचलेना, कडेवर तापाने फणफणलेली लेक. शेजारच्या वाडीतले काका बॅटरी घेऊन आपणहून आले, तिला घोंगडीत गुंडाळून आम्हा सगळ्यांना घरी घेऊन गेले. काकूंनी चूल पेटवली, तिची भिजलेली झबली एकेक करून विस्तवासमोर धरून वाळवली, मऊ भात भरवला. उजाडताच काकांनी डॉक्टरांना गाठून दिलं. पैसे पुढे केले तर काकू रागावल्याच, "लेकराचे पैसे घेतात होय?" काका, काकू, लेक आता ठणठणीत आहे. तुमचे मनापासून आभार.